रझाकार, स्वयंसेवक आणि राज्यशास्त्राचा तास

गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी प्रकल्पाची वही घेऊन घरी आली. दहावीपर्यंत ती आमच्या उर्दू शाळेत होती. आता एका मराठी माध्यमाच्या कॉलेजात बी.ए. करते आणि तिनं राज्यशास्त्र घेतलंय. त्या वर्षी या विषयाच्या मुलांना मतदार नोंदणीच्या शिबिरात पाठवलं होतं. नव्या मतदारांचे सहा नंबरचे फॉर्म भरून द्यायचे, जन्मतारखेचा पुरावा बघायचा, रांग लावायची. तीन दिवस तिनं हे काम केलं आणि मग घरी बसून चार पानांचा मराठी अहवाल लिहिला. कुणाचं न बघता, स्वतःच्या वाक्यांत. पहिल्याच परिच्छेदात ओळ होती : ‘या शिबिरात मी रझाकार म्हणून काम केले.’

सरांनी त्या शब्दाभोवती लाल पेनानं गोल काढून दोन प्रश्नचिन्हं दिली होती. एवढ्यावर भागलं असतं. पण वह्या परत वाटताना ती वही शेजारच्या बाकावर गेली, तिथून मागे गेली आणि संध्याकाळपर्यंत त्या पानाचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. दुसऱ्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी कासिम रझवीचं नाव घेतलं. सगळे हसले.

“मैंने गलत क्या लिखी आपा? वालंटियर को रज़ाकारच बोलते ना अपन?”

बरोबरच होतं तिचं. उर्दूत रज़ाकार म्हणजे आपखुशीनं सेवा करणारा. रक्तदान शिबिराची, पूरग्रस्तांच्या मदतीची बातमी उर्दू पेपरात येते तेव्हा आजही हाच शब्द छापतात. मी तिला मराठी शब्द सांगितला, स्वयंसेवक. तर ती आणखी गोंधळली. “ये तो और बड़ी मुसीबत. अब्बा पढ़े तो पूछेंगे कौनसी शाखा में जा रही तू!” आम्ही दोघी हसलो. पण ती त्यानंतर आठ दिवस कॉलेजला गेली नाही, आणि राज्यशास्त्राच्या तासाला तर महिनाभर गेली नाही.

मराठवाड्यात वाढलेल्या वाचकाला यातली गोम सांगायला नको. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान भारतात विलीन होऊ नये म्हणून कासिम रझवीनं जी सशस्त्र संघटना चालवली तिचं नाव रझाकार. गावंच्या गावं तिच्या दहशतीत होती, आणि त्या आठवणी मराठी घरांत खऱ्या आहेत, कुणी रचलेल्या नाहीत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत आलं आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. आमच्याकडे दरवर्षी या दिवशी झेंडावंदन होतं. शाळेत मुलांकडून मराठवाडा मुक्तिसंग्रामाची भाषणं मीही बसवून घेते.

घरात मात्र आमची दादी ‘पुलिस ऐक्शन के पहले’ आणि ‘पुलिस ऐक्शन के बाद’ अशी कालगणना करायची. त्या ‘बाद’मध्ये काय झालं हे आम्हां मुलांना ती कधी धड सांगायची नाही. फक्त कुठली विहीर, कुठली वाट, कोण परत आलं नाही, एवढंच. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्या काळात फिरून अहवाल दिला. त्यात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज होता. अनेक दशकं तो सरकारी कपाटात राहिला. राज्यशास्त्राच्या वर्गात संस्थानांच्या विलीनीकरणाचा धडा होतो तेव्हा एका घराची आठवण फळ्यावर येते आणि दुसऱ्या घराची आठवण बाकाखाली लपून बसते. माझ्या विद्यार्थिनीच्या वहीत ती चुकून वर आली, तीही अशा शब्दातून ज्याचा तिच्या मते शिबिराशी संबंध होता, इतिहासाशी नव्हता.

सरांना त्या दिवशी एक फार चांगला तास घेता आला असता. ‘हा शब्द उर्दूत अजून जिवंत आहे आणि मराठीत शिवी का झाला?’ एवढा एकच प्रश्न फळ्यावर लिहायचा होता. मग शोएबुल्ला खानचं नाव घ्यायचं होतं. हैदराबादेत ‘इमरोज़’ हे उर्दू दैनिक चालवणारा हा तरुण संपादक संस्थानानं भारतात यावं असं लिहीत होता, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच त्याचा खून केला. रझाकार म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार हे समीकरण या एका माणसाच्या नावानं मोडतं. मागच्या बाकावरच्या मुलांना हे नाव माहीत नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीलाही नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दहावीपर्यंत ती माझ्या शाळेत होती, तेव्हा मीही तिला ते सांगितलं नव्हतं.

*

त्या महिनाभरात ती रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागली. हळूहळू आणखी तिघं-चौघं आली. एक मुलगा दिवसभर मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा, दोन बहिणी, एक जण एमपीएससीचा नाद लागलेला. सगळ्यांची तक्रार एकच, ‘पोलिटिकल समझताच नै.’ बाकीच्या विषयांत ही मुलं काठावर का होईना पास होत होती. या एका विषयात अडकत होती. मला वाटलं होतं, सिद्धांत अवघड असतील. बसून बघितलं तेव्हा कळलं की सिद्धांतापर्यंत ही मुलं पोचतच नाहीत, दारातच शब्द अडवतात.

उदाहरणच देते. ‘राज्य’ हा शब्द घ्या. मराठी पुस्तकात राज्य म्हणजे लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व असलेली संस्था. पुढच्या पानावर राज्य म्हणजे महाराष्ट्र. मराठी मुलंही इथं अडखळतात, पण ती कशीबशी पुढे जातात. उर्दूत दोन्हीला ‘रियासत’ म्हणतात, आणि आमच्या घरात रियासत म्हटलं की तिसराच अर्थ, निजामाची! दुकानात काम करणाऱ्या मुलानं एका चाचणीत राज्याची चार अंगं लिहिताना हैदराबादचं उदाहरण दिलं होतं आणि सार्वभौमत्वाच्या समोर ‘हे नव्हते, इंग्रजांकडे होते’ असं लिहिलं होतं. मला तरी ते उत्तर पुस्तकापेक्षा हुशार वाटलं. शून्य मिळाला होता.

किंवा ‘धर्मनिरपेक्ष’. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं संविधानाच्या उद्देशिकेत हा शब्द आला. मराठीत धर्मनिरपेक्ष, हिंदीत पंथनिरपेक्ष, आमच्या उर्दू पुस्तकांतल्या तम्हीदमध्ये ग़ैर-मज़हबी. आणि जलशांतल्या तक़रीरींत त्याचाच अनुवाद ला-दीनी, म्हणजे धर्महीन, असा ऐकायला मिळतो. एकाच शब्दाची ही चार भाषांतरं चार वेगळ्या गोष्टी सांगतात. धर्माबाबत शासन तटस्थ राहील ही एक गोष्ट, आणि शासन तुला नास्तिक बनवेल ही अगदीच दुसरी. दोघी बहिणींपैकी धाकटी वर्षभर दुसऱ्या अर्थानं हा शब्द वाचत होती आणि मनातल्या मनात घाबरत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं की तुला या शब्दानं काय कळतं.

मग प्लेटो आणि ॲरिस्टॉटल. ही परदेशी नावं पाठ होईनात. मी म्हटलं, अगं, हे आपले अफलातून आणि अरस्तू! तिघी एकदम “हां?” करून ओरडल्या. अफलातून तर त्यांच्या घरी रोज येतो. मोठ्या भावानं अक्कल पाजळली की अम्मी म्हणते, “बड़ा आया अफलातून!” मराठीत पिक्चर भारी असला की अफलातून असतो. दोन्ही भाषांनी त्या बिचाऱ्या ग्रीक माणसाला घरी ठेवून घेतलंय, फक्त कॉलेजात तो प्लेटो होऊन येतो आणि कुणी ओळखत नाही. ज्या फाराबीला अरस्तूनंतरचा दुसरा उस्ताद म्हणत, ज्या इब्न रुश्दनं अरस्तूचा राजकारणावरचा ग्रंथ हाती आला नाही म्हणून अफलातूनच्या ‘रिपब्लिक’वर भाष्य लिहिलं, ते आमच्या पाश्चात्त्य राजकीय विचाराच्या गाईडमध्ये एका ओळीतही नाहीत. ते असावेत असा माझा हट्ट मुस्लिम नावं यावीत म्हणून नाही. पुस्तकाशी आपली कुठेतरी सोयरीक आहे हे कळलं की मूल पान उलटतं, एवढंच.

मी एका जुन्या वहीत तीन रकाने आखले. मराठी, उर्दू, इंग्रजी. सार्वभौमत्व, इक़्तिदार-ए-आला, सॉव्हरेन्टी. मूलभूत हक्क, बुनियादी हुक़ूक़, फंडामेंटल राइट्स. अविश्वासाचा ठराव, तहरीक-ए-अदम-ए-एतिमाद, नो कॉन्फिडन्स मोशन. (उर्दू शब्द सर्वांत लांब, यावर मुलं फार हसली.) आता ती वही दोनशे शब्दांच्या पुढे गेलीय.

ती लिहिताना एक गोष्ट सारखी मनात येत होती. ज्या शास्त्रात आमची मुलं मराठीमुळे नापास होतायत, ते शास्त्र याच संस्थानात उर्दूत शिकवलं जात होतं. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला सुरू झालं ते उर्दू माध्यमात. त्याआधी वर्षभर खास अनुवादाचं खातं काढून कायदा, इतिहास, राजकारण, विज्ञान सगळ्याच्या परिभाषा उर्दूत तयार केल्या गेल्या. माझ्या लहानपणी मोहल्ल्यात तिथं शिकलेले एक म्हातारे वकील होते, त्यांच्या तोंडून ‘मुआहिदा-ए-इम्रानी’ मी पहिल्यांदा ऐकलं. अर्थ कळायला बी.एड. होऊन गेलं.

आमचे काही लोक इथंच थांबतात आणि उसासे टाकतात, काय ती शान होती. मला तसं थांबता येत नाही. त्याच विद्यापीठाच्या दारात, त्याच शाळांत, मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी बहुसंख्य मुलं परक्या भाषेत धडपडत होती. आईची भाषा वर्गात चालत नाही याचं दुःख मराठवाड्यातल्या मराठी माणसानं दोन-तीन पिढ्या भोगलंय. मुक्तिसंग्रामाच्या मागे जी अनेक कारणं होती त्यात हेही होतं. म्हणून मला वाटतं, उर्दू शाळेतून आलेल्या मुलीची अडचण मराठवाड्यातल्या मराठी प्राध्यापकाला जितकी चटकन समजावी तितकी दुसऱ्या कुणाला समजणार नाही. त्याचे आजोबा तिच्याच बाकावर बसलेले होते.

यावर कुणी म्हणेल, मग १९९८ पासून हैदराबादेत मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आहे, तिथं राज्यशास्त्र उर्दूत मिळतं, मुलांना तिकडे पाठवा. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जावं. पण आमच्या मुलीला पुढे इथंच राहायचंय. नगरपालिकेत पाण्याचा अर्ज, तहसीलमध्ये रेशनकार्डाची तक्रार, पोलीस ठाण्यात जबाब, वॉर्डसभेत हरकत हे सगळं मराठीत होणार. ‘बुनियादी हुक़ूक़’ उत्तम समजलेली बाई मराठी जबाबावर न वाचता सही करत असेल तर त्या समजण्याचा उपयोग किती? राज्यशास्त्राचा मराठी वर्ग ही आमच्या मुलींना सत्तेची भाषा शिकण्याची जवळजवळ एकमेव जागा आहे. तिथून त्या पळाल्या तर नुकसान कॉलेजचं नाही.

*

शब्दांचं दुखणं औषधानं बरं होतं. दुसरं दुखणं जास्त खोल आहे. सामाजिक कराराचा तास माझ्याकडे झाला, त्यावरून सांगते.

हॉब्ज, लॉक, रूसो. पुस्तकातली भाषा इतकी जड की मीच दोनदा वाचलं. मग म्हटलं, निकाह डोळ्यांसमोर आणा. इजाब, क़ुबूल, साक्षीदार, मेहेर, अटी. दोन पक्षांची मर्जी असल्याशिवाय निकाह होत नाही. हे लोक म्हणतायत की राज्यसुद्धा देवानं वरून टाकलेलं नाही, लोकांच्या मर्जीच्या करारातून आलंय. हॉब्जचा करार असा की एकदा क़ुबूल म्हटलं की संपलं, खुला मागायचा नाही. लॉक म्हणतो, समोरच्यानं अटी मोडल्या तर करार मोडता येतो. मुलींना पाच मिनिटांत कळलं, आणि कधी नव्हे ते लॉक आवडला!

मग त्या वहीवालीनं विचारलं, “पर आपा, अपने को क़ुबूल है क्या करके कब पूछे?”

हा प्रश्न राज्यशास्त्रातला फार जुना आणि मोठा प्रश्न आहे. लॉकलाही तो सतावत होता, म्हणून त्याला मूक संमतीची कल्पना काढावी लागली. रस्त्यावरून चाललात, कायद्याचं संरक्षण घेतलंत, म्हणजे संमती दिलीत. ह्यूमनं त्यावर टीका केली. कॉलेजात कुठल्याही मुलानं हा प्रश्न विचारला असता तर सर म्हणाले असते, वा! मी तिला म्हटलं, हे उद्या वर्गात विचार. ती माझ्याकडे बघतच राहिली. “मैं पूछूँ? मैं पूछी तो बोलेंगे, इसको देश क़ुबूल नै.”

ही खरी अडचण आहे. गणिताच्या तासाला ती विद्यार्थिनी असते, भूगोलाच्या तासाला विद्यार्थिनी असते. राज्यशास्त्राच्या तासाला ती मुसलमान असते. संविधान सभेचा धडा आला की वर्ग तिच्याकडे बघतो, समान नागरी कायदा आला की बघतो, काश्मीर आलं की बघतो. ‘तुमच्यात काय म्हणतात?’ हा प्रश्न प्राध्यापक पुष्कळदा चांगल्या मनानं विचारतात. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला वीस कोटी लोकांच्या वतीनं उभं राहून उत्तर देता येत नाही. तिला तिचंच मत अजून ठरवायचंय. शिकणं म्हणजे चुकायची मुभा असणं. ज्याचं प्रत्येक वाक्य जमातीच्या खात्यावर लिहिलं जातं त्याला चुकायची मुभा नसते, मग तो बोलायचंच सोडतो. आणि वर्षअखेरीस शेरा येतो, ‘या मुली वर्गात सहभाग घेत नाहीत.’

हे फक्त आमच्याच मुलीचं नाही. तिच्या बाकावर एक बौद्ध मैत्रीण बसते. आरक्षणाचा धडा आला की मान वळतात त्या तिच्याकडे. दोघींनी आपसात एक खेळ काढला होता : आज कुणाची पाळी? वहीच्या मागे रेघा मारायच्या. हे मला सांगताना दोघी खिदळत होत्या, मला मात्र हसू आलं नाही.

महिनाभरानं ती वर्गात परतली त्याला कारणही ही मैत्रीणच. सेमिनारचे विषय वाटले गेले तेव्हा ती गैरहजर होती. सरांनी तिच्या नावापुढे ‘संविधान सभा आणि मुस्लिम’ लिहून टाकलं आणि मैत्रिणीला ‘पुणे करार’. दोघींना नावाप्रमाणे विषय मिळाले, रोल नंबरप्रमाणे नव्हे. मला राग आला होता. म्हटलं, विषय बदलून मागा. मैत्रीण म्हणाली, “मॅडम, आम्ही अदलाबदल करतो ना.” तसं झालं नाही, सरांनी परवानगी दिली नाही. पण तयारी त्यांनी एकमेकींची केली, माझ्याच ओसरीत.

आणि तिथं एक गंमत झाली. दोघींचे विषय एकच निघाले. १९०९ च्या कायद्यानं मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. १९३२ मध्ये ब्रिटिशांच्या जातीय निवाड्यात अस्पृश्य समाजालाही ते दिले गेले, गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं, आणि बाबासाहेबांनी पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ सोडून राखीव जागा घेतल्या. जातीय निवाड्यात ७१ जागा होत्या, करारात १४८ झाल्या. जागा वाढल्या, पण निवडून कोण देणार हा अधिकार गेला. पंधरा-सोळा वर्षांनी तोच प्रश्न संविधान सभेत मुसलमानांपुढे आला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, आणि मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही काढायचं ठरलं.

त्या चर्चेचे इंग्रजी खंड मोबाइलवर उघडून आम्ही तिघी शब्दकोश घेऊन बसलो. मद्रासचे मुहम्मद इस्माईल स्वतंत्र मतदारसंघ ठेवा म्हणून हट्टानं बोलतायत. बेगम ऐज़ाज़ रसूल, संविधान सभेतली एकमेव मुस्लिम महिला, ठामपणे म्हणतायत की नको, त्यानं अल्पसंख्याक बहुसंख्याकांपासून कायमचे तुटतील. बिहारचे तजम्मुल हुसेन तर राखीव जागांच्या नावानंच चिडलेले. मौलाना हसरत मोहानी या सगळ्यांहून तिसऱ्याच दिशेला, ते आपले समाजवादी संघराज्य मागतायत.

माझी विद्यार्थिनी वाचता वाचता थांबली. “ये लोग आपस में इत्ता झगड़े?”

तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की मुसलमान असण्याला एकच ठरलेलं मत लागत नाही. हे तिला तिच्या प्राध्यापकांनी सांगितलं नव्हतं, पण मोहल्ल्यानं तरी कुठे सांगितलं होतं? आपल्यात कुणी वेगळं बोललं की आपणही ‘क़ौम की बात’ म्हणून त्याचं तोंड बंद करतोच. बाहेरचे एक मत मागतात आणि आतले एक मत पुरवतात. मधे ही मुलगी. त्या चर्चेत कोण बरोबर होतं यावर माझं आणि तिचं आजही एकमत नाही. मला बेगम रसूल पटतात. ती म्हणते, निवडून येणाऱ्या आपल्या लोकांची संख्या बघा आणि मग बोला. तिच्या म्हणण्यात दम आहे, आणि ती माझ्याशी वाद घालते याचं मला फार बरं वाटतं.

*

प्राध्यापकांची बाजूही ऐकली पाहिजे. एक ओळखीचे सर राज्यशास्त्रच शिकवतात, दुसऱ्या कॉलेजात. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, “मॅडम, वर्गात शंभर मुलं, शंभर मोबाइल. कुठलं वाक्य कापून कुठे जाईल सांगता येत नाही. मी आणीबाणीच्या पुढे येतच नाही. तोवर सेमिस्टर संपवतो.” चांगला माणूस आहे, वाचणारा आहे. भीती खरी आहे. पण त्यांच्या भीतीची किंमत शेवटी कोण भरतं ते त्यांनाही कळत असावं. जे वर्गात बोललं जात नाही ते मुलं व्हॉट्सॲपवर शिकतात, आणि तिथं माझ्या विद्यार्थिनीच्या वहीचा फोटो फिरतो.

आणि आपण? आमच्याकडच्या दर दुसऱ्या लेखात सच्चर समिती येते, आज तिला सुट्टी देते आणि माझ्याच शाळेबद्दल बोलते. दहावीचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर चाळीस मार्कांचा, त्यात राज्यशास्त्राचा वाटा अगदी थोडा. म्हणून आम्ही तो भाग जानेवारीत, उरलेल्या तासांत, प्रश्नोत्तरं लिहून देऊन उरकतो. मीही दोन वर्षं बदलीवर तो विषय घेतला होता, तसाच उरकला. मराठी शिकवते तिथंही निबंध असतात ‘माझी आई’ आणि ‘पावसाळ्यातील एक दिवस’. नगराध्यक्षांना पत्र एकदा, परीक्षेपुरतं. दहा वर्षांत मी मुलांना मराठीत हरकत घ्यायला शिकवलं नाही. नम्र विनंती करायला मात्र चांगलं शिकवलं.

पालकांचं तर काय सांगावं. “सियासत गंदी चीज़ है, लड़की को होम सायन्स दिलाओ.” हेच गृहस्थ रात्री बारापर्यंत चहाच्या टपरीवर ट्रम्पपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांचा हिशेब करत बसतात. मुलगी तेच विषय पुस्तकातून, पुराव्यानं, मार्कांसाठी शिकते तेव्हा त्यांना भीती वाटते. ही भीती अगदी पोकळ आहे असंही मी म्हणत नाही. लाल गोलाचा फोटो घरी पोचला तेव्हा तिचे अब्बा वेल्डिंगचं दुकान बंद करून माझ्याकडे आले होते. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, “टीचर, मेरी बच्ची ने फारम भरे लोगों के, मुफत में, तीन दिन धूप में. उसका ये नाम रखे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सेमिनार झाला. दोघी एकापाठोपाठ बोलल्या, आणि दुसरी पहिलीच्या मुद्द्यावरून पुढे गेली. वर्गाला मजा आली असावी, कारण मागच्या बाकावरून पहिल्यांदाच एक सरळ प्रश्न आला : स्वतंत्र मतदारसंघ असते तर आपल्या तालुक्यात मतदान कसं झालं असतं? तिनं फळ्यावर काढून दाखवलं. सरांनी दहापैकी सात दिले आणि मराठी सुधारायला सांगितलं. त्या रझाकार शब्दाबद्दल ते आजतागायत काही बोललेले नाहीत. लेखी परीक्षेत ती पास झाली, सेहेचाळीस मार्क. दुकानात काम करणारा मुलगा नापास झाला, पुन्हा बसणार आहे.

आता पुढच्या वर्षीसाठी मुख्य विषय ठरवायचाय. फॉर्मची मुदत येत्या शनिवारी संपते. अब्बांचं होम सायन्स अजून कायम आहे, अम्मी गप्प आहे, मामूनं उर्दू साहित्य सुचवलंय म्हणजे ‘बाद में टीचर बन सकती’. काल ती आली तेव्हा फॉर्म कोराच होता. विषयाच्या रकान्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं दिसत होतं. मी विचारलं नाही. तिनं पिशवीतून तीन रकान्यांची वही काढली आणि म्हणाली, आपा, ‘स्वयंसेवक’ अपन लिखेच नै इसमें. मी म्हटलं, लिही. तिनं मराठीच्या रकान्यात स्वयंसेवक लिहिलं, इंग्रजीच्या रकान्यात व्हॉलंटियर, आणि मधल्या रकान्यात, थोडा वेळ पेन धरून, रज़ाकार.